डॅफोडिल्स, करडई आणि चार ठोके

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलो आहे. मध्ये डोळ्याचे ऑपरेशन झाले, मग लग्नसराई, मग नुसताच आळस. पण आजचे लिखाण टाळता येण्यासारखे नाही. कारण ते एका भांडणाबद्दल आहे, आणि त्या भांडणात चूक माझी होती असे मला आता वाटू लागले आहे.

गेल्या दिवाळीत घर भरलेले होते. माझी नात पुण्याहून आली होती. ती अकरावीला आहे, इंग्रजी माध्यमात शिकलेली. ती इंग्रजीत कविता करते. दर रविवारी मला मोबाईलवर एखादी पाठवायची, मी डिक्शनरी घेऊन वाचायचो आणि "छान आहे" असे लिहून कळवायचो. दिवाळीत फराळ करताना तिने एक नवीन कविता सगळ्यांना वाचून दाखवली. आमचे धाकटे मेहुणे म्हणाले, "अगं, इंग्रजी कविता करून तू काय इंग्रजांना शिकवणार?" सगळे हसले. (मेहुणे हे वाचतीलच. त्यांनी राग मानू नये, पुढे मी त्यांच्यापेक्षा वाईट वागलो आहे.) ती माझ्याकडे पाहू लागली, आबा आपली बाजू घेतील म्हणून. आणि मी मास्तरी आवाजात म्हणालो, "बाळा, ही नक्कल झाली. त्या भाषेला आपले कान नाहीत. मराठीत लिही."

तिने फोन बंद केला आणि ती आत गेली. त्यानंतर आजतागायत एकाही रविवारी कविता आलेली नाही.

आता "त्या भाषेला आपले कान नाहीत" हे वाक्य मी ज्या ठसक्यात बोललो, तो ठसका मला कुणी दिला? चौतीस वर्षे नोकरी केली, १९७४ ते २००८. त्यातली निम्म्याहून अधिक वर्षे इंग्रजी शिकवले. मी बी.ए. झालो तो मराठी माध्यमातून, मराठी वाङ्मय घेऊन. इंग्रजी कंपल्सरी होते तेवढेच. पण जिंतूर तालुक्यातल्या ज्या गावी मी रुजू झालो तिथे इंग्रजी शिकवायला कुणी टिकत नव्हते. हेडमास्तरांनी विचारले, "स्पेलिंग येतात ना?" मी हो म्हणालो, आणि इंग्रजी माझ्या गळ्यात पडले.

इंग्रजी कविता आम्ही कशी शिकवायचो ते सांगतो. ओळ वाचायची. अवघड शब्दांचे अर्थ फळ्यावर लिहायचे. मग ओळीचा मराठीत अर्थ सांगायचा. मग पुढची ओळ. शेवटी गाइडमधला सारांश. वर्ड्स्वर्थची डॅफोडिल्सची कविता अशीच शिकवली. ती १८०७ साली छापली गेली, त्याच्या आधी दोनतीन वर्षे लिहिलेली, हे सगळे मला पाठ होते. डॅफोडिल्स मात्र मी पाहिलेले नव्हते, मुलांनी तर कुठून पाहणार! मी खिडकीबाहेर बोट दाखवले. पौष महिना होता, करडई फुलावर आलेली. म्हणालो, "हे असे, पिवळे पिवळे, वाऱ्यावर डोलणारे." मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, "सर, करडई तर टोचती. तिच्यात कोण नाचंल?" वर्ग हसला, मीही हसलो.

पण त्याच पोराचा दुसरा प्रश्न मला हसण्यावारी नेता आला नाही. तो वारकऱ्याच्या घरचा, पहाटे बापाबरोबर भजनाला बसणारा. तो म्हणाला, "सर, हिला कविता म्हणतात तर ही म्हणता काहून येत नाही? आपली कविता म्हणता येती." मी त्याला काय उत्तर दिले असेल? "इंग्रजी कविता वाचायची असते, म्हणायची नसते." असे उत्तर देऊन मी त्याला खाली बसवला. ते उत्तर साफ खोटे होते, आणि ते खोटे आहे हे मला कळायला सेवानिवृत्ती उलटून कितीतरी वर्षे जावी लागली.

ते कळले कुणामुळे, तर याच नातीमुळे. ती सातवीत असताना तिच्या शाळेत इंग्रजी कविता पाठ म्हणायची स्पर्धा होती. तिने नेमकी तीच कविता घेतली होती. झोपाळ्यावर माझ्या शेजारी बसून ती म्हणू लागली आणि म्हणता म्हणता माझ्या गुडघ्यावर बोटाने ठोके द्यायला लागली. एका ओळीत चार. पुढच्या ओळीत चार. मी ऐकतच राहिलो. हलका-जड, हलका-जड, हलका-जड, हलका-जड. मी तिला म्हणालो, थांब, पुन्हा म्हण. आणि मी बोटे मोजू लागलो. आठ अक्षरे. लगा लगा लगा लगा. अहो, ही तर आपली प्रमाणिका!

ज्यांनी शाळेत यमाताराजभानसलगं केले आहे त्यांना लगेच समजेल. ज, र, ल, ग. लघु-गुरूच्या चार जोड्या. हीच दुप्पट केली की पंचचामर होते. रावणाचे शिवतांडव स्तोत्र ज्यांनी ऐकले आहे त्यांच्या कानात तो ठेका असतोच. आणि ज्या कवितेला मी वीस वर्षे "वाचायची असते" म्हणत होतो ती जवळपास त्या ठेक्यावर चालत होती.

जवळपास म्हणतो, कारण फरक आहे आणि तो महत्त्वाचा आहे. आपल्या गणवृत्तात गुरू म्हणजे लांब अक्षर, दोन मात्रांचे. ते वेळेने मोजायचे. इंग्रजीत जड अक्षर म्हणजे ज्यावर बोलताना जोर पडतो ते. ते लांब असेलच असे नाही. इंग्रज माणूस साध्या बोलण्यातही शब्दाच्या एका ठरावीक अवयवावर आघात देतो आणि बाकीचे गिळतो. त्यांच्या कवींनी त्या आघाताचेच वृत्त केले. आपल्या मराठीत आघात फार मवाळ आहे. "परभणी" म्हणताना आपण कुठे जोर देतो? जवळजवळ कुठेच नाही. म्हणून आपण इंग्रजी वाचले की सगळी अक्षरे एका वजनाची, ज्वारीच्या दाण्यांसारखी सारखी पडतात आणि कविता बिचारी गद्य होते. माझ्या विद्यार्थ्याला ती म्हणता येत नव्हती याचे कारण हे. सरांनाच ती कधी ऐकू आली नव्हती.

दुसरे असे की प्रमाणिकेत एका जागी लघूऐवजी गुरू आला तर तो दोष. परीक्षेत गुण कापले जायचे. इंग्रजी कवी मात्र मुद्दाम एखाद्या जागी ठोका उलटा टाकतो, ओळीच्या सुरुवातीलाच जड अक्षर ठेवतो, आणि कान चमकतो. तबलजी समेला चुकवल्यासारखे करून समेवर येतो तसे. पण समेला चुकवल्यासारखे करण्यासाठी सम आधी ऐकणाऱ्याच्या अंगात भिनलेली असावी लागते. म्हणून त्यांच्याकडे शेकडो वर्षे त्याच दोनतीन मापांत लिहीत राहिले. दहा अक्षरांची पाच ठोक्यांची ओळ घ्या. चॉसर, शेक्सपिअर, मिल्टन, वर्ड्स्वर्थ, सगळ्यांनी तीच वापरली आणि प्रत्येकाची चाल वेगळी ऐकू येते. मिल्टनने १६६७ साली 'पॅराडाइज लॉस्ट' प्रसिद्ध केले ते याच मापात, आणि यमक बिलकुल नाही. यमक टाकून देणारा माणूस किती जुना आहे ते पाहा. आपल्याकडे अजून "यमक नाही म्हणजे कविता नाही" म्हणणारे आहेत, माझ्या नात्यातच आहेत.

आता नकलेचा मुद्दा घेऊ. नातीला मी नक्कल म्हणालो. पण इंग्रजीत सुनीत आले कुठून? इटलीतून. तिथे पेट्रार्क नावाचा कवी चौदाव्या शतकात चौदा ओळींच्या कविता लिहून गेला. सोळाव्या शतकात वायट आणि सरे या दोघा सरदारांनी ती चीज इंग्लंडात आणली. सरेला पुढे १५४७ मध्ये राजाने मारले, तो भाग निराळा. इटालियन भाषेत बहुतेक शब्द स्वरान्त, त्यामुळे यमके पोत्याने मिळतात. पहिल्या आठ ओळींत दोनच यमके फिरवत ठेवायची अशी त्यांची रीत. इंग्रजीला ते झेपेना. इंग्रजीत यमकांचा दुष्काळ. 'लव्ह' या शब्दाला जुळणारे शब्द शोधा, 'डव्ह', 'ग्लव्ह', 'अबव्ह', आणखी एखाददुसरा, की संपले. प्रेमकविता लिहिणाऱ्या भाषेची ही दशा! मग सरेने यमकांची रचना सैल केली, दर चार ओळींना नवी जोडी आणि शेवटी दोन ओळींची गाठ. शेक्सपिअरची १५४ सुनीते १६०९ साली छापली गेली ती याच बांधणीची. आणलेली वस्तू आपल्या भाषेच्या अंगाने बेतून घेतली, आणि आज जग त्या बांधणीला इंग्रजी म्हणून ओळखते.

मराठीची अडचण उलटी. आपल्याकडे यमके फुकट. गेला, आला, केला, झाला. प्रत्यय लावला की यमक तयार. म्हणून आमच्या गावच्या निरोप समारंभात हेडमास्तरांपासून शिपायापर्यंत सगळ्यांना कविता करता यायची. फुकट मिळते त्याची किंमत राहत नाही हे खरेच. चांगला मराठी कवी यमकासाठी प्रत्ययावर अवलंबून राहत नाही, हे मी वर्गात सांगायचो आणि निरोप समारंभात स्वतः तेच करायचो. असो.

केशवसुतांनी सुनीत मराठीत आणले. 'मयूरासन आणि ताजमहाल', १८९२. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकलेला हा कोकणातला माणूस, मालगुंडचा, आणि माझ्यासारखाच शाळामास्तर. इंग्रजी कविता त्यांनी मनापासून वाचल्या, काहींची रूपांतरेही केली. पण सुनीत मराठीत आणताना त्यांनी ते इंग्रजी ठोक्यांवर लिहिले नाही, ते घातले शार्दूलविक्रीडितात. म, स, ज, स, त, त, ग. एका चरणात एकोणीस अक्षरे. शाळामास्तराची खोड म्हणून मी हिशेब केला. इंग्रजी सुनीत दहा अक्षरे गुणिले चौदा, म्हणजे १४० अक्षरांचे. मराठी सुनीत एकोणीस गुणिले चौदा, म्हणजे २६६. जवळजवळ दुप्पट रुंद घर. त्यामुळे मराठी सुनीताची चाल बदलली. इंग्रजीत चटकन वळून अंगावर येणारी कविता मराठीत हत्तीसारखी डुलत चालू लागली. काहींना तो दोष वाटतो. मला वाटते की केशवसुतांनी तेव्हा दुसरे काही करणे शक्यच नव्हते. मराठी वाचकाचा कान शार्दूलविक्रीडितावर तयार झालेला होता. श्लोक म्हणतच तो मोठा झाला होता. नवीन विचार अंगावर येत असताना निदान चाल तरी ओळखीची असावी, एवढी सोय त्यांनी वाचकाला दिली.

केशवसुत १९०५ साली हुबळीला प्लेगने गेले. वय चाळीसदेखील नव्हते. मधली काही वर्षे ते खानदेशात होते, फैजपूरच्या शाळेत मास्तरकी करीत. आणि त्याच फैजपुरात १९०९ साली बा. सी. मर्ढेकर जन्माला आले. मराठी कवितेला दोनदा वळण देणाऱ्या दोन्ही माणसांचा त्या एका गावाशी संबंध यावा, याचे मला नेहमी नवल वाटते. फैजपूर लोकांना काँग्रेसच्या अधिवेशनामुळे ठाऊक असते, या कारणाने नाही.

मर्ढेकरांबद्दल मात्र थांबून बोलायला हवे, कारण माझ्या नातीचा प्रश्न त्यांच्यापाशी सुटतो असे मला वाटते. हा माणूस इंग्रजी वाङ्मयात मुरलेला. आय.सी.एस.साठी विलायतेत राहिला, परत येऊन इंग्रजीचा प्राध्यापक झाला, मग रेडिओत गेला. 'आर्ट्स अँड मॅन' हे कलाविचाराचे पुस्तक त्यांनी इंग्रजीत लिहिले, ते १९३७ मध्ये लंडनला निघाले. त्यावेळी तिकडे एलियटचा जमाना होता. एलियट स्वतः अमेरिकेत जन्मलेला, इंग्लंडात येऊन राहिलेला, म्हणजे तोही एका अर्थी बाहेरचाच. १९१९ च्या एका निबंधात त्याने परंपरेविषयी जे मांडले ते मी माझ्या शेतकरी भाषेत सांगतो. परंपरा ही बापाच्या जमिनीसारखी आपसूक सातबाऱ्यावर चढत नाही. ज्याला हवी त्याने ती नांगरून, राबून मिळवायची. आणि एकदा नवा कवी त्या रानात उभा राहिला की मागच्या सगळ्या बांधांच्या जागा थोड्या थोड्या सरकतात.

आता एवढे सगळे पचवलेला माणूस मराठीत कविता लिहायला बसला तेव्हा त्याने काय उचलले? 'शिशिरागम' हा १९३९ चा पहिला संग्रह रविकिरण मंडळाच्या वळणाचा. पण १९४७ च्या 'काही कविता' मध्ये त्यांनी काढले अभंग आणि ओवी. युद्धानंतरची मुंबई, यंत्रे, गर्दी, घाण, भीती, हे सगळे त्यांनी जात्यावरच्या आणि टाळावरच्या मापात भरले. लोक भडकले. अश्लीलतेचा खटला झाला, त्यातून ते निर्दोष सुटले. लोकांचा संताप शब्दांवर होता. पण माप पाहा! एलियट वाचलेला प्राध्यापक शेवटी ज्ञानोबा-तुकोबांच्या दारात जाऊन बसला. इंग्रजी कवितेने त्याला काय शिकवले असेल, तर आपल्या भाषेतला सर्वांत खोल, सर्वांच्या अंगात मुरलेला ठेका शोधायला शिकवले. हे माझे मत. विद्वानांचे निराळे असू शकते.

मध्ये माधव जूलियनांचे नाव घ्यायला हवे. फारसीचे प्राध्यापक, इंग्रजीचे मोठे वाचक, आणि त्यांनीच 'छंदोरचना' लिहून मराठीची सगळी मापे तपासली. जिथे लघु-गुरूचा क्रम ठरलेला ते वृत्त, जिथे मात्रा मोजतात ती जाति, जिथे नुसती अक्षरे मोजतात तो छंद. मोठा अभंग म्हणजे सहा, सहा, सहा, चार अक्षरे, दुसऱ्या-तिसऱ्याला यमक. त्यात लघु-गुरूचे बंधन नाही, म्हणून तो बोलण्याच्या अगदी जवळ राहतो. मास्तर लोकांनी या पुस्तकाला रूक्ष म्हणू नये. मी ते दोनदा वाचले आणि दुसऱ्यांदा ते मला रंजक वाटले. विंदा करंदीकर तर इंग्रजीचेच प्राध्यापक. अॅरिस्टॉटलचे काव्यशास्त्र मराठीत आणले, लिअर आणला, आणि स्वतः मुक्तसुनीत लिहिले. चौदा ओळींचे घर ठेवले, वृत्ताच्या भिंती काढल्या. ज्याला भिंती कुठे होत्या हे माहीत आहे त्यालाच त्या काढता येतात, नाहीतर आढे डोक्यावर येते.

आता मी परभणीकडे येतो. पुण्या-मुंबईकडची मंडळी हा इतिहास लिहिताना आमच्याकडे पाहत नाहीत. त्यांच्याकडे इंग्रजी आणि मराठी अशा दोनच बाजू. आमच्याकडे १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाचे राज्य. कचेरी उर्दू, उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमाचे. माझे वडील अलिफ बे शिकलेले. त्यांना उर्दू वाचता यायची, हिशेब मोडीत, हरिपाठ तोंडपाठ, इंग्रजी शून्य. गझलचा शेर ऐकला की ते मांडीवर ताल धरायचे. त्यांना बहर, काफिया, रदीफ ही नावे सांगता आली असती की नाही कोण जाणे, पण शेर वजनात चुकला की त्यांचा हात थांबायचा. त्याच काळात सातोन्याचे भगवान रघुनाथ कुलकर्णी, म्हणजे आपले बी. रघुनाथ, निजामाच्या बांधकाम खात्यात नोकरी करीत मराठीत लिहीत होते. १९४१ चा 'आलाप आणि विलाप' वाचा. त्या माणसाच्या कानात भोवतालची उर्दू कशी मुरली होती ते जाणवते. १९५३ च्या ७ सप्टेंबरला परभणीतच, अवघ्या चाळिसाव्या वर्षी ते गेले. आज शहरात त्यांच्या नावाचे सभागृह आहे. तिथे कार्यक्रमाला मी जातो तेव्हा मनात येते, की परक्या भाषेच्या राज्यात राहून, तिच्यात नोकरी करून, तिचे वजन कानात घेऊन माणूस आपले लिहू शकतो, हे आम्हा परभणीकरांना कुणी वेगळे सांगायला नको होते. तरी मी नातीला ते वाक्य बोललो.

आणि गंगाखेड? जनाबाईचे गाव. आमच्याच जिल्ह्यातले, गोदावरीकाठचे. अरुण कोलटकर हा मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत लिहिणारा कवी. त्यांची 'जेजुरी' इंग्रजीत १९७६ साली आली आणि पुढच्या वर्षी तिला राष्ट्रकुलाचे कवितेचे पारितोषिक मिळाले. त्याच १९७७ मध्ये 'अरुण कोलटकरच्या कविता' मराठीत. २००४ साली ते गेले आणि 'भिजकी वही'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो त्यांच्या पश्चात. या माणसाने आमच्या जनीचे अभंग इंग्रजीत नेले. नातीने मला ते वाचून दाखवले होते, दोन वर्षांमागे. मी तेव्हा अभंगाचे माप शोधत बसलो, सहा-सहा-सहा-चार. ते तिथे नव्हते. मी नाराज झालो. ती म्हणाली, "आबा, पुन्हा ऐका. जनी बोलतेय तशी ऐका." पुन्हा ऐकले. साधे, तुटक, बोलल्यासारखे इंग्रजी. जात्याशी बसलेली बाई देवाशी भांडताना जशी बोलेल तसे. माप गेले होते पण जनी आली होती. कोलटकरांनी टाळाचा ठेका सोडला आणि जनीचा आवाज धरला. दोन्ही एकदम नेता आले नसते, त्यांना निवडावे लागले. मी असतो तर ठेका धरला असता आणि जनीला मारले असते, अशी शंका मला येते.

तेव्हा माझे मत मी बदलतो आहे, पण सगळे नाही. "इंग्रजीत लिहू नको" हे मी परत घेतो. त्या भाषेला आपले कान नाहीत हेही परत घेतो. माझे नव्हते, तिचे आहेत, आणि तिने माझ्या गुडघ्यावर ठोके देऊन थोडेसे मलाही दिले. पण एक हट्ट मी सोडणार नाही. इंग्रजीत लिहायचे तर इंग्रजीची परंपरा राबून मिळवावी. दिवाळीत तिने वाचलेली कविता मुक्तछंदातली होती. मी विचारले असते, की ही ओळ तू इथे का तोडलीस, तर तिला सांगता आले असते का? मला ते विचारायचे होते आणि मी भलतेच बोलून बसलो. हल्ली मोबाईलवर फिरणाऱ्या कविता, इंग्रजी असोत की मराठी, वाक्य मोडून एकाखाली एक लिहिलेले असते. आपल्याकडे कवी अनिलांनी मुक्तछंद रुळवला तेव्हा ते आधी वृत्तात लिहिलेले होते. 'भग्नमूर्ति' १९४० ची, मोठ्याने वाचा, तिच्यात चाल आहे. नातीने पन्नासएक ओळी तरी त्या पाच ठोक्यांच्या मापात लिहाव्यात, मग हवे तर फाडून टाकाव्यात.

आणि दुसरा हट्ट जरा स्वार्थी आहे. तिने एक तरी ओवी आजीकडून तोंडी शिकावी. कागदावरून नको. आमच्या घरात जाते आहे, आता त्यावर कुणी दळत नाही, त्यात तुळस लावली आहे. पण हिला अजून पंधरावीस ओव्या येतात, आणि त्या म्हणताना तिचा उजवा हात आपोआप फिरतो. ओवीचे साडेतीन चरण का, हे मला 'छंदोरचने'तून जेवढे कळले त्याहून जास्त त्या हाताकडे पाहून कळले. तो शेवटचा अर्धा चरण येतो तिथे हात वळसा पुरा करतो आणि बाई श्वास घेते. इंग्रजी ओळ पायावर चालते असे ते म्हणतात, मापाच्या तुकड्याला त्यांच्याकडे पाय असाच शब्द आहे. आपणही चरणच म्हणतो. पण ओवी ऐकताना मला वाटते ती हातावर चालते. नातीने दोन्ही शिकावे. इंग्रजी कवितेत उद्या तो हात कुठे उमटेल तेही सांगता येत नाही.

हे सगळे मी तिला फोनवर सांगायचा प्रयत्न केला. दोन मिनिटांत "आबा, क्लासला उशीर होतोय" झाले. म्हणून इथे लिहिले. ती हे वाचते हे मला माहीत आहे, प्रतिक्रिया देत नाही एवढेच.

लिखाण इथपर्यंत आले आणि मधे आठवडा गेला. काल रविवार होता. सकाळी फोन वाजला. कविता आली आहे. वर एक शब्दही नाही, नुसती कविता. मी चष्मा लावून आधी ओळी मोजल्या, सवयीने. तेरा भरल्या. चौदावी राहिली आहे की मुद्दाम ठेवलेली नाही, ते मी तिला अजून विचारलेले नाही. पहिल्या आठ ओळींत ठोके नीट पडतात, गुडघ्यावर देऊन पाहिले. नवव्या ओळीत एक ठोका उलटा आहे, तिथे आजीच्या जात्याचा उल्लेख येतो. मी डिक्शनरी न उघडता तिला लिहिले, "नववी ओळ मला मोठ्याने म्हणून दाखव. उन्हाळ्याच्या सुट्टीत आलीस की आपण गंगाखेडला जाऊ."

"ओके आबा," एवढेच उत्तर आले आहे.